वाघाचा दबा, म्हशींचे रिंगण

प्राण्यांचा धडा सुरू झाला की सहावीच्या वर्गात दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो : "सर, वाघ आणि रानगवा यांची झुंज लागली तर कोण जिंकेल?" मग अर्धा वर्ग वाघाकडून आणि अर्धा गव्याकडून भांडू लागतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या दोन काठांवर माणसे उभी राहतात, तसे वर्गात दोन तट पडतात. (दगड मात्र नसतात, हे विश्वस्त मंडळींनी कृपया लक्षात घ्यावे.)

आम्ही जे उत्तर देतो ते मुलांना फारसे आवडत नाही. आम्ही सांगतो की रानात अशी कुस्ती सहसा लागतच नाही. वाघ आखाड्यात उतरायला येत नाही, पोट भरायला येतो. गव्यालाही वाघाला चीत करण्यात काही गोडी नसते. त्याला कळपाबरोबर पाण्यावर जायचे असते. एकाला न दिसता जवळ पोहोचायचे असते आणि दुसऱ्याला त्याला वेळेवर पाहायचे असते. सारा खेळ एवढाच. शिंगे, सुळे, नखे ही सगळी त्यानंतरची गोष्ट.

हा विषय यंदा वर्गाबाहेर, या अंकात, मांडावासा वाटला त्याला कारण आहे. २०२२ च्या गणनेत मध्य प्रदेशात ७८५ वाघ आणि ३,९०७ बिबटे असल्याचा अंदाज निघाला. दोन्ही आकडे देशात सर्वांत मोठे. पेंच आणि सातपुडा या दोन व्याघ्र प्रकल्पांच्या मधे छिंदवाडा-पांढुर्ण्याकडचे जंगल तुकड्यातुकड्यांनी पसरले आहे आणि एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाणारी जनावरे याच भागातून वाट काढतात. त्यांना तालुक्याची हद्द ठाऊक नाही, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात आपला नवा जिल्हा झाला हेही त्यांना कोणी कळवलेले नाही! कपाशी, तूर, संत्र्याचे बगीचे, मधून नाला आणि नाल्याकाठी झुडपे, अशा मुलखातून आपली मुले शाळेत येतात. डोक्याइतक्या वाढलेल्या तुरीतून माणूस दिसत नाही, तिथे बिबट काय दिसणार?

तेव्हा आधी शिकाऱ्याची रीत समजून घेऊ.

वाघ काय, बिबट काय, मांजराच्या कुळातली ही जनावरे दमाची नव्हेत. लांडगा किंवा रानकुत्रा मैलोगणती पाठलाग करील. वाघाला ते जमत नाही. त्याची सगळी ताकद काही क्षणांच्या झेपेत साठवलेली असते. म्हणून त्याला सावजाच्या अगदी जवळ जावे लागते. मोकळ्यावर हरणाने त्याला शंभर पावलांवरून पाहिले तर त्या दिवसाचा उपास ठरलेलाच. तळपायाच्या मऊ गाद्या, आत ओढून घेता येणारी नखे, पुढचा पाय जिथे पडला नेमक्या त्याच जागी मागचा पाय ठेवण्याची सवय, वाळक्या गवतात विरून जाणारे पट्टे, ही सगळी तयारी जवळ जाण्यासाठी आहे, लढण्यासाठी नाही. सावज मान वर करून पाहू लागले की वाघ आहे तिथे थिजतो. एक पाय हवेत असेल तर तो हवेतच राहतो. सावज पुन्हा चरू लागले की दोन पावले पुढे. असे अर्धा-अर्धा तास चालते.

मग झेप. लहान सावज असेल तर मानेच्या मागच्या बाजूला चावा आणि काम लगेच संपते. सांबर, रोही किंवा गाय-बैलासारखे मोठे जनावर असेल तर वाघ गळा धरतो आणि श्वासनलिका दाबून ठेवतो. यात कित्येक मिनिटे जातात. एवढा वेळ वाघाने आपले अंग कुठे ठेवलेले असते हे पाहण्यासारखे आहे : शिंगांच्या आणि खुरांच्या टप्प्याबाहेर, जमिनीलगत. पडलेल्या जनावराची एक लाथ त्याला पुरेशी असते, हे त्याला पक्के माहीत असते.

एवढे करूनही वाघाचे बहुतेक प्रयत्न फसतात. जॉर्ज शॅलर या अमेरिकन अभ्यासकाने १९६३ ते १९६५ या काळात आपल्याच राज्यातल्या कान्ह्याला राहून वाघ आणि हरणे यांचा अभ्यास केला आणि १९६७ साली त्यावर ग्रंथ लिहिला. वाघाची शिकार हुकतेच जास्त, ही गोष्ट त्यातून नीट पुढे आली. सिनेमात वाघ झेप घेतो आणि पुढच्या क्षणी हरीण पडलेले असते. त्याआधी रिकाम्या गेलेल्या झेपा कोणी दाखवत नाही.

एका वाघाला वर्षाला पन्नासेक मोठी जनावरे लागतात, म्हणजे आठवड्याला साधारण एक. वाघीण पिलांसह असेल तर त्याहून जास्त. पेंचची 'कॉलरवाली' वाघीण आपल्यापैकी पुष्कळांना ऐकून माहीत असेल. २००८ मध्ये तिच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवली म्हणून हे नाव. तिने आठ वेतांत २९ पिलांना जन्म दिला; २०१० च्या वेतात तर एकदम पाच पिले होती. जानेवारी २०२२ मध्ये म्हातारपणाने ती गेली. वाघाच्या घरात बाप शिकार आणून देत नाही आणि शेजारीही वाढत नाही. त्या पाच पिलांचे पोट एकट्या आईच्या चार पंजांवर आणि चार सुळ्यांवर चालले होते. ती लंगडी झाली असती तर सहा जीव उपाशी पडले असते.

हा मुद्दा विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावा, कारण पुढचे सगळे याच्यावर उभे आहे. सिंहाच्या किंवा रानकुत्र्यांच्या टोळीत एखादा जखमी झाला तरी बाकीच्यांच्या शिकारीत त्याला वाटा मिळू शकतो. वाघ आणि बिबट एकटे. सुळा तुटला, पंजात काटा रुतून पिकला, बरगडी मोडली की भूक सुरू. जिम कॉर्बेट यांनी मुक्तेसरच्या नरभक्षक वाघिणीची हकिगत लिहून ठेवली आहे. सायाळीच्या नादी लागून तिचा एक डोळा गेला होता आणि पुढच्या पायात पन्नासेक काटे घुसले होते. सायाळीसारख्या किरकोळ जनावराने वाघिणीची ही गत केली! म्हणून रानातला वाघ आपण समजतो तितका शूर नसतो. तो हिशेबी असतो, आणि आमच्या मते त्याने तसेच असायला हवे.

हा हिशेब एकट्या आपल्या वाघाचा नाही. अमेरिकेत 'माउंटन लायन' म्हणजे डोंगरातला सिंह या नावाने ओळखला जाणारा प्यूमा असतो. नावात सिंह असला तरी तो सिंह नव्हे. त्याला डरकाळीही फोडता येत नाही, आपल्या घरच्या मांजरीसारखा तो घुरघुरतो. वजन आपल्या बिबट्याइतके किंवा थोडे अधिक. तरी तो एल्क नावाचे सांबराहूनही मोठे हरीण पाडतो, तेही दबा धरूनच, आणि उरलेले मांस पालापाचोळ्याखाली झाकून ठेवतो. तिथल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५-९६ मध्ये लांडगे पुन्हा आणून सोडले. आता एल्कला दोन शिकारी झाले. लांडगे उजेडाच्या वेळी मोकळ्या माळावर पाठलाग करणारे आणि प्यूमा रात्री खडकाळ, झाडीच्या जागी दबा धरणारा. तिथल्या अभ्यासकांना असे दिसले की एल्क जागा आणि वेळ यांची सांगड घालतात : लांडग्यांची वेळ टळली की माळावर आणि प्यूमाची वेळ टळली की झाडीत. हरणाला घड्याळ नाही, पण शत्रूचे वेळापत्रक पाठ आहे.

असाच प्रकार आपल्या पेंचमध्ये सांबराचा. रानकुत्री, ज्यांना आपण कोळसून म्हणतो, मागे लागली तर सांबर बहुधा पाण्यात शिरते. त्याचे पाय लांब. ते उभे राहते तिथे कुत्र्यांना पोहावे लागते, आणि पोहणाऱ्या कुत्र्याला दात चालवता येत नाहीत. पाठीमागे पाणी, समोर शिंगे. टोळी थकून निघून जाईपर्यंत ते उभे राहू शकते. पण वाघाचा वास किंवा चाहूल लागली तर सांबर वेगळे वागते. ते जागीच थांबते, शेपटी ताठ करते, पुढचा पाय जमिनीवर आपटते आणि 'ढांक' असा मोठा आवाज काढते. पुन्हा पुन्हा काढते. पळून जायचे सोडून ओरडत का उभे राहते?

कारण ती ओरड जितकी आपल्या जातभाईंसाठी असते, तितकीच वाघासाठीही असते. 'तू दिसलास' असा तिचा अर्थ. दिसलेल्या वाघाचा डाव संपलेला असतो, आणि हे दोघांनाही कळते. पुष्कळदा तो उठून उघडपणे, जणू काही झालेच नाही अशा चालीने निघून जातो. पेंच-कान्ह्यातले वाटाडे याच ओरडीवरून वाघाचा माग काढतात. चितळ पाखराच्या सावलीलाही घाबरते, त्यामुळे त्याच्या आवाजावर पूर्ण भरवसा ठेवत नाहीत. सांबर ओरडले तर मात्र गाडी वळवतात. वानरांची तऱ्हा आणखी न्यारी. झाडाच्या शेंड्यावर बसून ती लांबवर पाहतात आणि खाली चितळे नाकाने वास घेतात. वरून पडलेला पाला चितळांना आयता मिळतो. दोन वेगळ्या जाती, भाषा वेगळी, पण वानराची खाकर ऐकली की चितळाची मान वर होते. मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी आयुष्यभर विदर्भाच्या रानांतली अशी बोली मराठीत आणली. आपल्या वाचनालयात त्यांची पुस्तके आहेत, ती कपाटात फार सुखात आहेत. विद्यार्थ्यांनी त्यांना जरा त्रास द्यावा.

आता ज्याच्यावरून वर्गात भांडण होते तो गवा. पूर्ण वाढलेला नर सातशे किलोपासून हजार किलोपर्यंत भरतो आणि खांद्याशी उंच माणसाएवढा असतो. वाघ दोनशे किलोच्या आसपास. तरी वाघ गवा मारतो, यात शंका नाही. कर्नाटकातल्या नागरहोळेच्या रानात उल्हास कारंत आणि मेल सनक्विस्ट यांनी केलेल्या, १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की वाघाच्या मुख्य सावजांचे सरासरी वजन ९१ किलोच्या वर होते. बिबट्याचे ३७-३८ किलो आणि रानकुत्र्यांचे ४३ किलोच्या आसपास. गव्यासारखी मोठी जनावरे वाघ निवडून मारत होता. मात्र एकटे पडलेले, म्हातारे, आजारी जनावर किंवा वासरू मिळाले तर त्याचे काम सोपे होते. कळपाला चाहूल लागली तर गवे फुसकारतात, वासरे आत जातात, मोठी जनावरे तोंड वळवून उभी राहतात. नर गवा कित्येकदा अंगाची आडवी बाजू दाखवतो, म्हणजे 'बघ, मी केवढा आहे.' मुलांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचेच झाले तर असे : समोरासमोर गवा, पाठीमागून वाघ. आणि वाघ समोरून येत नाही.

रानडुकराचे शस्त्र खालून वर जाते. ते पाठ काटेरी झुडपाला लावते, म्हणजे मागची बाजू बंद, आणि समोरून येणाऱ्याचे पोट सुळ्याने फाडते. रानडुकराने वाघाला लोळवल्याच्या हकिगती शिकारकथांत आहेत. रोह्याकडे असे काही नाही. नराची शिंगे वीतभर, मादीला तीही नाहीत. रोही उघड्या माळाला धरून राहते, दूरवर पाहते आणि धावते. उघड्यावर राहणे हेच त्याचे चिलखत. आपल्या तुरीत आणि हरभऱ्यात शिरते तेव्हा मात्र रोही स्वतःच आडोशात येते, आणि मग त्याच्या मागे आडोशाला धरून राहणारा बिबटही तिथे येतो, निदान त्याच्या पिलासाठी. शेतकरी बंधूंना रोह्याचा राग येतो आणि तो रास्त आहे. पीक जाते ते यांचेच. पण रोही आले की त्याच्यामागून कोण येऊ शकते, हेही ध्यानात असावे.

म्हशींबद्दल आम्ही जरा जास्त लिहिणार आहोत, कारण म्हशी आमच्या घरी होत्या आणि त्यांच्यामागे आम्ही लहानपणी हिंडलो आहोत. गाय आणि म्हैस एकाच कोठ्यात बांधलेल्या असल्या तरी रानात त्यांची वागणूक अगदी निराळी. बिबट्याचा वास आला की गाई उधळतात. ज्या दिशेला तोंड असेल त्या दिशेला सुटतात आणि शेवटी एखादी एकटी सापडते. म्हशी एकत्र येतात. वगारी आत, मोठ्या बाहेर, शिंगे बाहेरच्या बाजूला, नाकपुड्या फुगलेल्या. आणि त्या नुसत्या उभ्या राहत नाहीत; सगळ्या मिळून वासाच्या दिशेने चालून जातात. आम्ही आठ-नऊ वर्षांचे असताना नाल्याकाठी एकदा असे रिंगण झाले, तेव्हा आमच्याबरोबरच्या म्हाताऱ्या ढोरक्याने आम्हाला बखोटीला धरून म्हशींच्या मधोमध उभे केले. आम्हाला दिसले ते म्हशींची ढुंगणे आणि धूळ. समोर बिबट होता की तडस होते हे आम्ही आजही सांगू शकत नाही. म्हशींच्या अंगाचा तो गरम वास मात्र लक्षात आहे, आणि त्या म्हाताऱ्याचे बजावणे : "बाहेर पाय ठेवू नको, अन् पळू तर नकोच नको."

मेळघाटचे गवळी असोत की आपल्याकडचे, म्हशींनी राखणदाराला वाघापासून वाचवल्याच्या गोष्टी सगळीकडे सांगतात, आणि आम्हाला त्या खऱ्या वाटतात. गोठ्यातली म्हैस रानम्हशीपासूनच आली. गडचिरोलीच्या कोलामार्का भागात रानम्हशी अजून आहेत. त्यांच्यासाठी २०१३ मध्ये तो भाग राखीव झाला. वाघाशी शेकडो पिढ्या तोंड देऊन जे अंगात मुरले ते चार हजार वर्षांच्या दुधाच्या धारांनी धुऊन गेले नाही.

मग आपल्या गवळाऊ गाई-बैलांचे काय? वर्धा, नागपूर, छिंदवाडा, बालाघाट या पट्ट्यातली ही पांढरी, हलक्या बांध्याची, चपळ जात. मराठ्यांच्या फौजेची रसद या बैलांनी ओढली असे सांगतात. मोकळा गवळाऊ बैल धावू लागला तर बिबट्याच्या हाती लागणे कठीण. पण आपण त्याला दावे लावतो. खुंट्याला बांधलेल्या जनावराकडून आपण त्याचे पाय काढून घेतलेले असतात, तेव्हा त्याच्या रक्षणाची जबाबदारी पूर्णपणे आपल्यावर येते. शेळ्यांचे तर विचारूच नका. बिबट कोंडवाड्यात शिरला की एकीऐवजी सात-आठ शेळ्या मारतो आणि लोक म्हणतात, किती हा दुष्टपणा! त्यात दुष्टपणा नाही. रानात एक पडली की बाकीच्या पळतात आणि शिकार तिथेच थांबते. कोंडवाड्यात पळायला जागा नसते; डोळ्यांसमोर धडपड चालूच राहते आणि त्याचे अंग थांबत नाही. चारही बाजूंना आणि वर छताला जाळी, दाराला कडी, कोठ्याजवळ दिवा, एवढ्याने हे टळते. जनावर मारले गेलेच तर मढे हलवू नये, त्यावर विष तर मुळीच टाकू नये. वनविभागाला लगेच कळवावे, पंचनामा होऊ द्यावा. नुकसानभरपाई त्यावरच मिळते.

आता आपण माणसे. आपल्याला शिंगे नाहीत, सुळे नाहीत, धावण्यात तर शेळीही आपल्याला मागे टाकील. तरी वाघ-बिबट सहसा आपल्या वाटेला जात नाहीत. दोन पायांवर उभे असलेले, मोठ्याने बोलणारे, घोळक्याने चालणारे जनावर त्याच्या सावजांच्या यादीत बसत नाही. अकोले (अहिल्यानगर जिल्हा) तालुक्यात विद्या अत्रेय यांनी बिबट्यांचा अभ्यास केला. जवळपास जंगल नाही, नुसता ऊस आणि वस्ती, तरी बिबटे माणसांच्या शेजारी राहत होते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत बिबट्याच्या आहारातला ३९ टक्के भाग नुसता गावकुत्र्यांचा निघाला. म्हणजे गावात उकिरडा, उकिरड्यावर कुत्री आणि कुत्र्यांसाठी बिबट. गावाची स्वच्छता हा विषय आपण नागरिकशास्त्रात शिकवतो, तो प्राणिशास्त्रातही चालेल. जुन्नर भागात २००१ नंतर पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडले, तेव्हा माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले, हेही त्यांनी दाखवून दिले. अनोळखी मुलखात सोडलेल्या जनावराला पाणवठा, आडोसा, शत्रू काहीच ठाऊक नसते.

याचा अर्थ धोका नाही असा कोणी घेऊ नये. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडची माणसे शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालू लागली. धनगर आपल्या कुत्र्याच्या गळ्यात घालतात तसलेच पट्टे, कारण बिबट गळा धरतो. तिथे लेकरे गेली होती. त्या छायाचित्रांतल्या बायकांना हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. सुंदरबनात १९८६ च्या सुमारास मध आणि लाकूड आणायला जाणाऱ्यांनी डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे बांधून पाहिले. वाघ पाठीमागून येतो, मग पाठीलाही डोळे द्यावेत, ही कल्पना. काही काळ तिचा चांगला उपयोग झाला. पुढे वाघांना ती कळली असेही म्हणतात.

आणि चंद्रपूरकडची गोष्ट तर आपल्याला फारच जवळची. तिथे उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपाने वेचणाऱ्यांवर हल्ले होतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाने मारल्या. मोहफुले पहाटे वेचतात. माणूस वाकलेला, डोळे जमिनीवर, तोंडातून आवाज नाही, दोघीजणी दोन झाडांखाली. अंधुक उजेडात मागून पाहिले तर ते चार पायांचे चरणारे जनावर दिसते. आपल्या गावाच्या नावातच मोह आहे. चैत्रात कोणाकोणाच्या घरची माणसे टोपली घेऊन निघतात हे सांगायला नको. त्यांनी उजाडल्यावर जावे, चार-पाच जणांनी जावे, एकाने उभे राहून राखण करावी, सतत बोलत राहावे. सांबर ओरडते त्याच कारणाने.

मुलांसाठी चार गोष्टी आम्ही वर्गात फळ्यावर लिहून दिल्या आहेत, पालकांनी त्या पुन्हा विचारून घ्याव्यात. वाघ किंवा बिबट दिसला तर पळायचे नाही, खाली बसायचे नाही, पाठ दाखवायची नाही. त्याच्याकडे तोंड ठेवून, हात वर करून, ओरडत हळूहळू मागे सरायचे आणि लहान भावंड असेल तर त्याला उचलून घ्यायचे. अमेरिकेत प्यूमाच्या मुलखातल्या मुलांनाही हेच शिकवतात. शौचाला अंधारात उघड्यावर जायचे नाही, याला आता घरोघरी सोय झाल्यामुळे सबब उरलेली नाही.

एक कडू विषयही मांडायला हवा. डुकरे आणि रोह्यांपासून पीक राखण्यासाठी कुंपणाच्या तारेत वीज सोडण्याची रीत मध्य प्रदेशात आणि विदर्भात अजून मोडलेली नाही. त्या तारेला वाघ मरतो, बिबट मरतो, आणि शेजारच्या शेतातला जागलीला निघालेला माणूसही मरतो. दबा धरणाऱ्याला पाहून ओरडता येते, कळप करता येतो, उभे राहता येते. तारेतली वीज कोणालाच दिसत नाही, गव्याला नाही आणि आपल्या मुलालाही नाही. हा उपाय ज्यांच्या शेतात असेल त्यांनी तो आज काढावा.

शेवटी शाळेपुरते. दहावीचा जादा वर्ग संध्याकाळी सहाला सुटतो आणि डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. शेतातल्या घरी राहणारी मुले त्यानंतर तुरीच्या धुऱ्याने एकेकटी जातात. नोव्हेंबर ते जानेवारी हा वर्ग सकाळी साडेनऊला घ्यावा, अशी आम्हा शिक्षकांची विनंती आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवली आहे आणि येत्या पालकसभेत हा विषय घेतला आहे. तोपर्यंत नाल्याच्या वाटेने जाणाऱ्या मुलांची नावे पालकांनी वर्गशिक्षकांकडे द्यावीत, म्हणजे सोबतीचे गट करता येतील. प्रत्येक गटात एक मोठा मुलगा किंवा मुलगी आणि एक बॅटरी असावी; बॅटऱ्यांचे सेल शाळा देईल.